घराची पाहणी आणि घरपट्टी

घरपट्टीचे बिल हातात पडले म्हणजे आपण शेवटचा आकडा तेवढा पाहतो. गतवर्षीपेक्षा तो अधिक असला तर नगरपालिकेला चार शब्द ऐकवतो. कमी असला तर गप्प बसतो. हा आकडा आला कोठून, असे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. कर शेकडा किती घ्यावयाचा हे सभागृहात ठरते. त्यावर भाषणे होतात, वर्तमानपत्रांत बातम्या येतात, क्वचित मोर्चेही निघतात. परंतु शेकडा कशाचा, हे सभागृहात ठरत नाही. ते आपल्या दारात ठरते. एक कारकून येतो, टेप लावतो, छप्पर पाहतो, भाडेकरू किती म्हणून विचारतो आणि वहीत चार ओळी लिहितो. त्या चार ओळींवर पुढे वर्षानुवर्षे आपला कर उभा राहतो. या चार ओळींचा इतिहास हाच आजचा आमचा विषय आहे.

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. विडी कामगार आणि साखर कामगार यांच्या संघटना बांधण्यात आमची उमर गेली. कायद्याची पुस्तके आम्ही वाचली ती कामगारांच्या नावे आलेल्या नोटिसांना उत्तरे लिहिता लिहिता. कारखान्यातील मजुरीसाठी भांडताना ध्यानात आले की, दारातून मिळालेला रुपया खिडकीतून जातो तो कोठे जातो हेही संघटनेने पाहिले पाहिजे. त्यातून हा अभ्यास घडला. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : कराचा दर कितीही न्याय्य असो, पाहणी न्याय्य नसेल तर कर अन्यायाचाच होतो, आणि पाहणी न्याय्य व्हावयाची तर पाहणाऱ्याला जितका अधिकार असतो, तितकाच ज्याचे घर पाहिले त्यालाही बोलण्याचा अधिकार असावा लागतो. हा दुसरा अधिकार मिळण्यास फार काळ लागला, आणि मिळालेला अधिकार आपण वापरीत नाही.

'पाहणी' हा शब्द आपल्या मुलखाला नवा नाही. मात्र पूर्वी पाहणी होई ती शेताची. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर १६२६ साली वारला. पण त्याने लावलेल्या जमाबंदीचे नाव दख्खनेत पुढे दोनशे वर्षे निघत राहिले. जमिनीचा मगदूर आणि पिकाचा अनुभव पाहून धारा बांधावा, हे तिचे तत्त्व सांगितले जाते. १८१८ साली नगर प्रांत इंग्रजांकडे गेला. पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली आणि १८४७ साली तिचे नियम पक्के झाले. प्रत्येक शेतात जावयाचे, मातीचा रंग, खोली आणि दोष पाहावयाचे, आण्यांत तिची प्रत लावावयाची आणि आकार ठरवावयाचा. एकदा ठरलेला आकार तीस वर्षे बदलावयाचा नाही.

ही तीस वर्षे सरली तेव्हा फेरआकारणी झाली आणि अनेक गावांचे आकार चढले. १८७५ साली सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि तो आपल्या जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे या बाजूला पसरला. लोकांचा राग सावकाराच्या खतांवर होता, हे खरे. पण सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळापुढे वाढलेल्या आकाराचाही प्रश्न आला. पाहणी हे केवळ कचेरीतले काम नसून तिच्यात माणसांचे पोट गुंतलेले असते, हे तेव्हाच दिसून आले होते.

घराची गोष्ट निराळी होती. पेशवाईत घरपट्टी हा कर होता. मोहतर्फा म्हणून धंद्यांवरचा कर होता. शिवाय लग्नटका, पाटदाम, म्हैसपट्टी, बकरेपट्टी अशा लहानसहान पट्ट्या होत्या. परंतु यांपैकी कोणत्याही करासाठी घर आतून पाहण्याचे कारण पडत नसे. घर कोणाचे, तो कोणत्या जातीचा, धंदा काय करतो, हे पाटील-कुलकर्ण्यांना तोंडपाठ असे. तेवढ्यावर पट्टी बसे. ब्राह्मणांना आणि गावच्या वतनदारांना पुष्कळ ठिकाणी ती माफ असे. म्हणजे कर नावाला घरावर. खरोखर तो घरातल्या माणसाच्या पायरीवर होता. कोष्ट्याने, साळ्याने, तेल्याने, चांभाराने आपल्या धंद्याबद्दल द्यावयाचे आणि प्रतिष्ठिताने प्रतिष्ठेबद्दल सूट घ्यावयाची, असा तो व्यवहार होता. मुंबई इलाख्यातील हे मोहतर्फा, बलुत्यांवरील पट्ट्या आणि शहरजकाती १८४४ सालच्या १९ व्या कायद्याने उठविण्यात आल्या. आपल्या नगरच्या विणकरांना हे साल ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

आता प्रश्न असा की, धंदा आणि जात पाहून कर घ्यावयाचा नाही, घर पाहूनच घ्यावयाचा, तर घरातले नेमके पाहावयाचे काय? हा प्रश्न आपल्याआधी इंग्लंडात पडला होता. तेथे १६६२ साली चुलींवर कर बसला. घरात चुली जितक्या अधिक तितका मालक सधन, हा हिशेब. पण चूल घराच्या आत. ती मोजण्यास माणूस आत शिरला पाहिजे. हा चूल मोजणारा इंग्रज गृहस्थाला इतका असह्य झाला की, १६८९ साली नवे राजाराणी गादीवर येताच त्यांनी तो कर रद्द केला. रद्द करण्याच्या कायद्यातच कारण दिले की, अनोळखी माणसाने वाटेल तेव्हा घरात शिरून झडती घ्यावी ही गुलामगिरीची खूण आहे. मग १६९६ साली खिडक्यांवर कर आला. खिडक्या रस्त्यावरून मोजता येतात, आत जावे लागत नाही. पण लोकांनी खिडक्या विटांनी बुजविल्या. गरीब भाडेकरूंच्या चाळींतून उजेड आणि वारा नाहीसा झाला. तो कर १८५१ साली जाईपर्यंत दीडशे वर्षे लोटली. सोयीसाठी चुकीची वस्तू मोजली तर लोक त्या वस्तूलाच मुकतात, हा या कराचा धडा.

तिसरा मार्ग निघाला तो भाड्याचा. १८३६ च्या इंग्रजी कायद्याने घराचे मूल्य ठरविण्याची कसोटी नक्की केली : हे घर वर्षाच्या कराराने भाड्याने दिले तर वाजवी भाडे किती येईल? घर भाड्याने दिलेले असो वा नसो, एक भाडेकरू मनात कल्पावयाचा आणि तो किती देईल याचा अंदाज करावयाचा. मुंबई शहराच्या १८८८ च्या कायद्यात, पुढे जिल्ह्यांच्या नगरपालिकांच्या कायद्यांत आणि १९४९ च्या महानगरपालिका कायद्यात हीच कसोटी आली. आपल्या घरात कधीही न आलेला हा कल्पित भाडेकरू दीड शतकाहून अधिक काळ आपला कर ठरवीत आला आहे.

हिंदुस्थानात ही कल्पना सुखासुखी रुजली नाही. १८१० साली कंपनी सरकारने बंगाल इलाख्यातील शहरांत घरांवर कर बसविण्याचा हुकूम काढला. काशीच्या लोकांनी दुकाने बंद केली आणि घरे सोडून ते गावाबाहेर मोकळ्या मैदानात येऊन बसले. त्यात लोहारांसारखे कष्टकरी कारागीर पुढे होते. शेवटी सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. ज्या घरावर कर बसवावयाचा ते घरच सोडून जाण्याचा हा हरताळ कामगार चळवळीच्या इतिहासात मानाने नोंदविण्यासारखा आहे.

नगर शहरात नगरपालिका स्थापन झाली ती १८५४ साली, १८५० च्या २६ व्या कायद्याखाली. गावच्या रहिवाशांची इच्छा असेल तर रस्ते, दिवे, पाणी यांसाठी कर बसवावा, असा तो कायदा होता. नगरला पाण्याचा प्रश्न जुना. निजामशाहीत कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून जमिनीखालून खापरी नळांनी पाणी शहरात आणले होते. ते नळ राखणे हे एक मोठेच काम होते. पैसा हवा होता. तो आणावयाचा कोठून? नाक्यावर जकात घ्यावी, की घरावर पट्टी बसवावी?

येथे कामगारांनी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. दख्खनेतील बहुतेक नगरपालिकांनी मुख्य भर जकातीवर दिला. जकात नाक्यावर भरली जाते, पण ती पडते धान्यावर, तेलावर, सरपणावर. म्हणजे शेवटी खाणाऱ्या प्रत्येक तोंडावर. मजुराची जकात आणि शेटजीची जकात यांत पोटापेक्षा अधिक अंतर नसते. घरपट्टीत मात्र दोन खणांचे घर आणि दोन चौकांचा वाडा यांत फरक करावाच लागतो. सभासद बहुतेक वाड्यांचे मालक. तेव्हा घरपट्टी हलकी आणि जकात जड राहिली यात नवल नाही. वाड्याची बारकाईने पाहणी व्हावी असे वाडेवाल्यांना कशास वाटेल?

दुसरी गोष्ट मताची. १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि १८८४ साली मुंबई इलाख्यात त्याप्रमाणे कायदा झाला. लोकांनी निवडलेले सभासद वाढले. पण मत कोणाला? मुख्यतः जो ठराविक कर भरतो त्याला. म्हणजे आकारणीची यादी हीच जवळजवळ मतदारांची यादी झाली. कारकुनाने ज्याचे घर कराच्या लायकीचे म्हणून लिहिले तो नागरिक. जो झोपडीत किंवा दुसऱ्याच्या पडवीत राहतो तो केवळ रहिवासी. मुंबई राज्यात स्थानिक संस्थांसाठी सर्व प्रौढांना मताचा हक्क देणारा कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९५० साली. तोपर्यंत घराच्या पाहणीत घराबरोबर माणसाचेही मोल होत होते.

कायद्याने मात्र हळूहळू पाहणाऱ्याला वेसण घातली, हेही सांगितले पाहिजे. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यात, १९२५ च्या बरो नगरपालिका कायद्यात आणि १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका कायद्यात आकारणीची पद्धत एका साच्याची आहे. प्रथम यादी करावयाची : मालक कोण, घर कोठे, त्याचे वार्षिक भाडेमूल्य किती, कर किती. मग ती यादी लोकांना पाहावयास खुली ठेवून जाहीर नोटीस द्यावयाची. ज्याचे घर नव्याने यादीत आले किंवा ज्याची आकारणी वाढली, त्याला वेगळी लेखी नोटीस द्यावयाची. मुदतीत हरकत आली तर तिची सुनावणी घ्यावयाची आणि मगच यादी कायम करावयाची. दर चार वर्षांनी यादी नवी करावयाची.

१९६५ च्या कायद्याने आणखी एक सुधारणा केली. पूर्वी यादीवरच्या हरकती सभासदांची समिती ऐके. म्हणजे आपल्या शेजाऱ्याच्या घराचे मोल शेजारीच ठरवी. त्यात मैत्रीही येई आणि वैरही. नव्या कायद्याने शासनाच्या नगररचना विभागाच्या मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याकडे यादी तपासण्याचे काम दिले.

पाहणारा घरात शिरतो त्यालाही नियम आहेत. १८८८ च्या मुंबईच्या कायद्यात आणि १९४९ च्या महानगरपालिका कायद्यात आहे की, राहत्या घरात सूर्यास्तानंतर शिरावयाचे नाही, रहिवाशाची संमती नसेल तर चोवीस तास आधी लेखी सूचना द्यावयाची, स्त्रियांना बाजूस होण्यास अवसर द्यावयाचा आणि घरच्या चालीरीतींचा मान राखावयाचा. हे नियम शोभेचे नव्हेत. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने गोरे सोल्जर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले. त्या झडत्यांचा संताप इतका पेटला की, २२ जून रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. घराचा उंबरठा ही आपल्या लोकांच्या मनातली मोठी सीमा आहे. ती ओलांडणाऱ्याजवळ कारण हवे, कागद हवा आणि अदब हवी.

आता आकडा कसा बनतो तो पाहू. समजा, निरीक्षकाने एका खोलीचे वाजवी भाडे महिना १००० रुपये धरले. वर्षाचे झाले १२,०००. दुरुस्तीखर्चाबद्दल कायदा शेकडा १० वजा करावयास सांगतो. राहिले १०,८००. हे करयोग्य मूल्य. सर्व पट्ट्या मिळून दर शेकडा २५ आहे असे उदाहरणापुरते धरू. कर झाला २७०० रुपये. आता त्याच खोलीपुढे निरीक्षकाने १००० च्या जागी १५०० लिहिले, तर कर होतो ४०५० रुपये. सभागृहाने दर एका पैशाने वाढविला नाही, तरी त्या घरावर १३५० रुपये वाढले. दर वाढला असता तर शहर उठले असते. येथे कोणी उठत नाही, कारण वाढ एकट्याची आहे आणि ती एका ओळीत दडलेली आहे.

यात दुसरी एक गाठ आहे, ती जुन्या आणि नव्या घरांची. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी बांधली गेली. तेव्हा प्रश्न आला की, ज्या घराचे भाडे कायद्याने वाढविता येत नाही त्याचे वाजवी भाडे नगरपालिकेने बाजारभावाने धरावे काय? कलकत्त्याच्या एका खटल्यात १९६१ साली, आणि दिल्लीच्या खटल्यात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नाही. कायद्याने ठरलेल्या भाड्याच्या वर आकारणी करता येणार नाही. निर्णय तर्काला धरून होता. पण त्याचा परिणाम असा झाला की, पेठेतल्या भर वस्तीतील मोठ्या वाड्याची आकारणी जुन्या भाड्यावर थांबली आणि शहराच्या कडेला कर्ज काढून दोन खोल्या बांधणाऱ्या कामगाराची आकारणी चालू भाड्यावर झाली. जेथे चार वर्षांची फेरपाहणी वेळेवर होत नाही तेथे हे अंतर आणखी वाढते. जुन्याची पाहणी होत नाही. नव्याची होते, कारण त्याला बांधकामाचा दाखला हवा असतो, नळ हवा असतो, आणि तो स्वतःच कचेरीत येतो.

भिंगारची गोष्ट याहून निराळी आहे. तेथील छावणीला १९२४ चा, नंतर २००६ चा छावणी कायदा लागू झाला. त्यात यादी नवी करण्याची मुदत तीन वर्षांची. आणि १९२४ च्या कायद्यात शाळा, हॉटेल, कारखाना अशा इमारतींचे वार्षिक मूल्य भाड्यावरून न ठरविता, इमारतीचा बांधणीखर्च आणि जागेची किंमत यांच्या विसाव्या हिश्श्यावरून ठरविण्याची रीत होती. एकाच गावात रस्त्याच्या या बाजूला एक माप आणि त्या बाजूला दुसरे. माप हे देवाने दिलेले नसून माणसांनी ठरविलेले असते, हे समजण्यास याहून चांगला दाखला नको.

आता गावाकडे वळू, कारण आपला जिल्हा मुख्यतः गावांचा आहे. आपल्या खेड्यात घर सांगावयाचे ते खणांत : दोन खणांचे घर, पाच खणांचा सोपा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने आणि १९६० च्या कर-नियमांनी ग्रामपंचायतीची घरपट्टी चालू लागली. पुढे ती घराच्या क्षेत्रफळावर आणि बांधणीच्या जातीवर बसू लागली : झोपडी, मातीचे घर, दगड-विटांचे पक्के घर, सिमेंटच्या स्लॅबचे घर. डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलले आणि भांडवली मूल्याची पद्धत आली. जागेचे क्षेत्रफळ गुणिले जागेचा दर. त्यात बांधकामाचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर आणि घसारा मिळवावयाचा. मग घराच्या वापराप्रमाणे भारांक लावावयाचा. आणि येणाऱ्या किमतीवर हजारी काही पैसे वा रुपये कर. सूत्र शास्त्रीय आहे. पण सूत्रात घालावयाचे आकडे कोण आणतो? क्षेत्रफळ, बांधणीची जात, घराचे वय आणि वापर या चारही गोष्टी ग्रामसेवकाच्या किंवा शिपायाच्या पाहणीतून येतात. घर चाळीस वर्षांचे असून दहा वर्षांचे लिहिले तर घसारा बुडाला. पत्र्याचे छप्पर स्लॅब म्हणून लिहिले तर दर बदलला. सूत्र बिनचूक असले तरी उत्तर चुकीचे येते.

ही नोंद ज्या वहीत होते तो 'नमुना आठ'. खेड्यात गरिबाजवळ जागेचा दुसरा कागद बहुधा नसतो. आठचा उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे, असे न्यायालये सांगतात आणि ते बरोबर आहे. तरी घरकुलाला, विजेच्या जोडणीला, पतपेढीच्या कर्जाला तोच उतारा मागतात. म्हणून आमच्या अनुभवात गरीब माणूस घरपट्टी जास्त आली म्हणून जितका रडत नाही, तितका घर यादीत आले नाही म्हणून रडतो. पाहणीत वगळले जाणे हाही एक अन्याय आहे. २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे ठरले, ते या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

जिल्हा साखर कारखान्यांचा आहे. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला आणि त्यामागून जिल्ह्यात अनेक कारखाने उभे राहिले. सहकाराचे मोल आम्ही जाणतो. पण ग्रामपंचायत कायद्याच्या १२५ व्या कलमाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. त्याअन्वये कारखाना आणि ग्रामपंचायत यांनी करार करून, करांऐवजी एक ठोक रक्कम घेता-देता येते. यात बेकायदा काहीच नाही. ग्रामपंचायतीला खात्रीचा पैसाही मिळतो. परंतु या तरतुदीचा अर्थ समजून घ्यावा. कामगाराच्या झोपडीला टेप लागतो; कारखान्याच्या गोदामांना टेप लागतोच असे नाही, तेथे टेबलाशी बोलणी होतात. ठोक रक्कम ठरण्यापूर्वी प्रत्यक्ष पाहणी केली असती तर कर किती झाला असता, हा आकडा ग्रामसभेपुढे ठेवावा, एवढीच आमची मागणी आहे.

आणखी एक प्रश्न नगरच्या कामगार वस्त्यांत नेहमी उभा राहतो. घरात हातमाग आहे, किंवा बाई सुपात तंबाखू घेऊन विड्या वळते आहे, तर ते घर निवासी की बिगरनिवासी? वापराचा रकाना निरीक्षक भरतो आणि बिगरनिवासी लिहिले की दर चढतो. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने आपल्या राहत्या घरात कुटुंबासह स्वतःसाठी विडी करणाऱ्याला कारखानदार मानले नाही. मग करापुरते तरी त्या घराला कारखाना का मानावे? नाहीतर १८४४ साली गेलेला मोहतर्फा दुसऱ्या दाराने परत आला असे म्हणावे लागेल. मालकाने कारखान्याची जागा वाचवून काम कामगाराच्या घरात लोटले. त्या जागेचा करही कामगाराने भरावा हे न्यायाचे नव्हे.

याचाच एक अनुभव सांगतो. जिल्ह्यातील एका गावी विडी कामगार बायकांच्या एका ओळीतील सर्व घरे स्लॅबची म्हणून लागली होती. पाहता पाहता दोन टोकांची घरे तेवढी स्लॅबची, मधली सर्व पत्र्याची. यादी करणारा ओळीच्या टोकाशीच थांबला असावा, हे उघड होते. आम्ही भाषणे केली नाहीत. प्रत्येक घराचे माप घेतले, छपराचे छायाचित्र काढले, मुदतीत प्रत्येकीच्या सहीची किंवा अंगठ्याची स्वतंत्र हरकत दिली आणि सुनावणीला सर्वजणी गेल्या. अधिकाऱ्याने फेरपाहणीचा हुकूम केला आणि यादी दुरुस्त झाली. कायदा तोच होता, अधिकारीही तेच. फरक एवढाच पडला की, ज्यांची घरे पाहिली त्या बोलल्या.

आज या प्रश्नाचे महत्त्व पूर्वीहून अधिक आहे. राज्यातील नगरपालिकांची जकात १९९९ साली उठली. महापालिकांत तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तोही बहुतांश व्यापाऱ्यांपुरता ऑगस्ट २०१५ मध्ये गेला. आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. नगरपालिकेची महापालिका २००३ साली झाली आणि २०२४ साली शहराला व जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले. नाव बदलले, नाकी गेली. स्थानिक संस्थेच्या हाती स्वतःचा म्हणून जो मोठा कर उरला तो घरपट्टीच. पंधराव्या वित्त आयोगाने तर शहरांना अनुदान देताना मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करण्याची अट घातली. यापुढे पाहणी अधिक कसून होणार, हे उघड आहे. अनेक शहरांत ती खासगी संस्थांकडे दिली जाते. उपग्रहाची चित्रे, ड्रोन आणि लेसरची मापे वापरली जातात.

यंत्राला आमचा विरोध नाही. वाड्याच्या मागील चौक आणि गच्चीवरचे वाढीव मजले टेपपेक्षा ड्रोनला चांगले दिसतात. पण ड्रोनला छप्पर दिसते. छपराखाली भाडेकरू आहे की मालकाची म्हातारी आई, हे दिसत नाही. पुण्यात १९७० सालापासून स्वतः राहणाऱ्या मालकाला भाडेमूल्यात शेकडा ४० सूट होती. मध्यंतरी ती काढली गेली; लोकांनी आवाज उठविल्यावर २०२३ साली ती पुन्हा मिळाली, आणि ती मिळविण्यासाठी आपण स्वतः राहतो याचे पुरावे अनेकांना द्यावे लागले. तेव्हा यंत्राच्या मापावर माणसाने दार वाजवून खात्री करणे आजही आवश्यक आहे.

शेवटी, आमच्या मागण्या सांगून हा विषय पुरा करतो. पाहणी करणाऱ्याने आपले ओळखपत्र दाखवावे आणि लिहिलेल्या नोंदीची प्रत जागेवरच घरमालकाला व भाडेकरूला द्यावी. यादी वॉर्डात, मराठीत, वाचता येईल अशी लावावी. चार वर्षांची फेरपाहणी पेठेतही व्हावी आणि वस्तीतही व्हावी. आधी मोठी घरे, मग लहान. महापालिकेच्या आकारणीविरुद्ध न्यायाधीशाकडे अपील करावयाचे तर आधी कराची रक्कम भरावी लागते; लहान घरांपुरती ही अट सैल करावी. आणि घरात स्वतःच्या हातांनी केलेल्या कामाला बिगरनिवासी वापर म्हणू नये.

या मागण्या सरकारकडे आहेत. आपल्याकडे एकच आहे. पाहणीचा माणूस दारात आला की त्याला पाणी द्या, त्याला शत्रू समजू नका. तोही बहुधा कंत्राटावर राबणारा कामगारच असतो. पण टेपचे दुसरे टोक आपण धरा, तो लिहितो ते वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, आणि चूक दिसली तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्या. घरपट्टीच्या पैशातून आपल्याच गल्लीत दिवा लागतो आणि नळाला पाणी येते. ती बुडविण्याचा उपदेश आम्ही कोणाला करीत नाही. आपल्या वाटणीची तेवढी भरावी आणि दुसऱ्याने त्याच्या वाटणीची भरली की नाही हेही यादीत पाहावे. ती यादी पाहण्याचा हक्क १९०१ पासून कायद्यात आहे. तो वापरण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.